समुद्र हजार किलोमीटर दूर असताना स्कूबा डायव्हिंग चालू ठेवता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे समुद्रापासून हजारभर किलोमीटरवर राहतात. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत त्यांनी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा सुरुवातीचा कोर्स केला. त्यानंतर एकदाच समुद्रावर जाणं झालं. चार डाइव्ह झाल्या, त्यातल्या पहिल्या दोन घाबरण्यातच गेल्या. यापुढेही वर्षातून एकदा, फार तर दोनदा जमेल. एवढ्यावर हा छंद धरून ठेवण्यात अर्थ आहे का, की तो किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी सोडून द्यावा? आणि धरून ठेवायचा तर स्वतःचं सामान घ्यावं का?

मी गेली १७ वर्षं डायव्हिंग शिकवते आहे आणि हा सगळा काळ समुद्रापासून लांबच राहिले आहे. माझे बहुतेक विद्यार्थी पाण्याखालचा पहिला श्वास घेतात तो साडेतीन मीटर खोल पोहण्याच्या तलावात. तेव्हा आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. अर्थ आहे. मात्र वर्षातले ते सात-आठ दिवस सोडून उरलेल्या काळात तुम्ही काय करता, यावर सगळं अवलंबून आहे.

तुम्ही प्रश्न अंतराचा म्हणून मांडला आहे. मला त्यात दिसतो तो खंड. किनाऱ्यावर घर असलेला माणूसही वर्षभर पाण्यात उतरला नाही, तर पुढच्या डाइव्हला तो तुमच्याइतकाच चाचपडतो. ओपन वॉटरचं प्रमाणपत्र कधी संपत नाही, पण हाताची सवय संपते. मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र, परत पकडणं, तरंगणं सांभाळायच्या जॅकेटमध्ये नेमकी किती हवा भरायची याचा अंदाज, हे सगळं सायकलसारखं कायमचं अंगात राहतं असं लोकांना वाटतं. माझा अनुभव तसा नाही. सहा महिन्यांत ते ढिलं पडायला लागतं. म्हणूनच सहा महिने ते वर्षभराचा खंड पडला, तर रिफ्रेशर, म्हणजे प्रशिक्षकाबरोबर उजळणी, करूनच पाण्यात उतरा असं सांगतात.

हे मी स्वतः चुकून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एकदा माझा १४ महिन्यांचा खंड पडला होता. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट बोटीवर गेले. वजनाचा पट्टा बांधताना गाईडने अंदाजाने १० किलो शिसं दिलं, मीही विचारलं नाही. मला ७ पुरलं असतं. १२ मीटरवर मी सतत जॅकेटमध्ये हवा भरत होते, मग वर उचलली जात होते, मग हवा सोडून परत वाळूवर गुडघे टेकत होते. २६ मिनिटांत माझा सिलिंडर संपत आला. बाकीचे सगळे त्यानंतर बराच वेळ खाली होते. बोटीवर बसून त्यांचे बुडबुडे बघताना माझ्या लक्षात आलं, की मी एवढा प्रवास करून समुद्र बघितलाच नाही. स्वतःला सावरण्यातच सगळा वेळ गेला. तुमच्या घाबरण्यात गेलेल्या दोन डाइव्ह याच जातीच्या असाव्यात असं मला वाटतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तासाभराच्या अंतरावर किमान अडीच-तीन मीटर खोल तलाव आहे का? तिथे सिलिंडर घेऊन उतरू देतात का? जवळपास डायव्हिंग क्लब किंवा प्रशिक्षक आहे का? कान, छाती, हृदय यांचा काही त्रास आहे का? असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय पुढचं काहीच वाचू नका. आणि सुट्टी सलग मिळते की तुकड्या-तुकड्यांनी? यातल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील, तर तुम्ही कल्पनेपेक्षा पुष्कळ बऱ्या जागी आहात. तलावच नसेल तर काम अवघड आहे, तरी अशक्य नाही. त्यावर पुढे येते.

तलावाबद्दल मात्र सविस्तर बोलते, कारण लोक त्याला कमी लेखतात. तीन मीटर पाण्यात काय शिकायचं, असं मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. उलट उथळ पाणीच कठीण असतं. पृष्ठभागावर हवेचा दाब १ अ‍ॅटमॉस्फिअर असतो आणि दर १० मीटरला तो १ ने वाढत जातो. म्हणजे १ मीटरवरून ३ मीटरवर गेलात तर दाब १.१ वरून १.३ होतो, जॅकेटमधली हवा जवळजवळ १५ टक्के आकसते. समुद्रात २० मीटरवरून २२ मीटरवर गेलात तर दाब ३ वरून ३.२ होतो, हवा जेमतेम ६ टक्के आकसते. दोन्ही वेळा उतरलात दोनच मीटर, पण तलावात तोल दुपटीपेक्षा जास्त बिघडतो. ज्याला तीन मीटर पाण्यात स्थिर राहता येतं, त्याला वीस मीटरवर स्थिर राहणं सोपं जातं.

जगात खास डायव्हिंगसाठी बांधलेले खोल तलाव आहेत. ब्रुसेल्समधला निमो ३३ हा २००४ साली सुरू झाला, त्याची खोली ३४.५ मीटर आहे. पोलंडमधला डीपस्पॉट २०२० मध्ये उघडला, तो ४५ मीटर खोल आहे. दुबईतला तर ६० मीटरचा आहे. कधी जाणं झालं तर जरूर उतरा. पण तुमच्या सरावासाठी त्यांची गरज नाही.

गरज आहे ती एका छोट्या रबरी रिंगची. ती तळाच्या फरशीवर ठेवायची. आपण तिच्या वर अर्धा मीटर आडवे, पोट खाली, गुडघे वाकवून पोटऱ्या आणि फिन्स (पायातली वल्ही) वर. हात छातीशी बांधलेले. फिन्स अजिबात हलवायच्या नाहीत. आता फक्त श्वास. श्वास घेतला की शरीर वर जायला लागतं, पण लगेच नाही, एक-दोन सेकंदांनी. सोडला की खाली, तेही उशिरानेच. हा उशीर ओळखता येणं म्हणजेच बॉयन्सी, आहे त्या पातळीवर तोलून राहणं, येणं. अर्धा लिटर जास्त हवा छातीत गेली की तुम्ही साधारण अर्धा किलोने हलके होता, म्हणजे फुप्फुसं हाच तुमच्या हातातला सगळ्यात बारीक स्क्रू आहे. नवखा माणूस हे कळायच्या आत जॅकेटमध्ये हवा भरायच्या बटणाकडे धावतो.

माझी एक विद्यार्थिनी, पन्नाशीच्या आसपासची, सहा आठवडे दर शनिवारी ही रिंग समोर ठेवून सराव करायची. पहिल्या दिवशी तिचे गुडघे दर पाच सेकंदांनी फरशीला घासत होते, हात कल्हवल्यासारखे चालत होते. चौथ्या शनिवारी मी तिच्या बाजूने पोहत गेले, तर तिने मान न वळवता फक्त डोळे माझ्याकडे फिरवले. तिची फिन हललेली नव्हती. रिंगवर पडलेली तिची सावली जागची हलत नव्हती. त्यानंतर ती समुद्रावर गेली तेव्हा पहिल्याच डाइव्हला एका खडकाच्या कपारीसमोर चार मिनिटं तरंगत थांबली, आत बसलेला ऑक्टोपस तिला रंग बदलताना दिसला. हात-पाय मारणाऱ्याला तो दिसत नाही. तोपर्यंत तो आत गेलेला असतो.

स्थिर राहणं जमलं की त्याच स्थितीत बाकीची कामं करा. गुडघ्यावर बसून मास्क काढून घालणं कोर्समध्ये झालंच आहे, आता ते तरंगत करा. तरंगत रेग्युलेटर काढून परत घ्या, जोडीदाराला पर्यायी रेग्युलेटर द्या. बेडकासारखे पाय मारायला शिका, म्हणजे फ्रॉग किक, आणि जागच्या जागी वळायला. जमलं तर उलटं सरकायला सुद्धा, त्याला महिने लागतात. महिन्यातून एक तास या हिशेबाने वर्षाचे बारा तास होतात. एवढ्यात माणूस ओळखू येणार नाही इतका बदलतो.

एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवा: तलाव आहे म्हणून सिलिंडरचा श्वास रोखून वर यायचं नाही. फुप्फुसं पूर्ण भरलेली असताना दीड मीटर खोलीवरून श्वास रोखून वर आलात तरी फुप्फुसाला जिवावर बेतेल अशी इजा होऊ शकते. समुद्राचा नियम तोच तलावाचाही.

दुसरी गोष्ट, हवेचा हिशेब. हेही तलावात करून ठेवता येतं. एका ठरलेल्या खोलीवर दहा मिनिटं आरामात पोहा आणि सिलिंडरमधल्या दाबाचे किती बार गेले ते बघा. समजा १२ लिटरच्या सिलिंडरमधून १० मीटर खोलीवर १० मिनिटांत ४० बार गेले. ४० गुणिले १२ म्हणजे ४८० लिटर, मिनिटाला ४८ लिटर. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून पृष्ठभागावरचा हिशेब मिनिटाला २४ लिटर. तीन मीटरच्या तलावात २ ऐवजी १.३ ने भागायचं, बाकी रीत तीच. आता बघा, २०० बारचा सिलिंडर ५० बार राखून वापरला तर तुमच्याकडे १८०० लिटर हवा आहे. १५ मीटरवर दाब अडीच पट. मिनिटाला २४ लिटर वापरणाऱ्याला ती ३० मिनिटं पुरते, १६ लिटर वापरणाऱ्याला ४५ मिनिटं. हा पंधरा मिनिटांचा फरक शांत श्वास, कमी शिसं आणि नीट मारलेले पाय यांतून येतो, आणि हे तिन्ही तलावातच कमावता येतात. हवा वाचवायची म्हणून श्वास रोखू मात्र नका. लांब, संथ घ्या आणि पूर्ण सोडा.

समुद्रापासून लांब राहणारे लोक आणखी एक गोष्ट करतात, तिची मला खरोखर भीती वाटते. सिलिंडर नसतो म्हणून ते तलावात एकटे श्वास रोखण्याचा सराव करतात. आधी जोरजोरात, भराभर श्वास घेतात आणि मग पाण्याखाली लांब पोहतात. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घ्यावासा वाटतो तो याच्याच वाढण्यामुळे. तो खाली गेला की शरीर इशारा देतच नाही आणि ऑक्सिजन संपून माणूस पाण्याखाली निपचित पडतो, गुदमरल्याची जाणीवही न होता. चांगले पोहणारे यात गेले आहेत. फ्रीडायव्हिंग आवडत असेल तर त्याचा वेगळा कोर्स करा आणि प्रत्येक वेळी शेजारी जाणता माणूस डोळे लावून उभा असू दे. एकट्याने कधीही नाही, कंबरभर पाण्यातही नाही.

आता तलावाच्या पुढची पायरी: सरोवरं, पाणी साचलेल्या दगडखाणी, झऱ्यांचे डोह. इथे मी एक जुनी गोष्ट नेहमी सांगते. झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी बनवलेला रेग्युलेटर, ज्याच्यामुळे आजचं स्कूबा शक्य झालं, तो १९४३ साली पहिल्यांदा तपासला गेला तो समुद्रात नव्हे, पॅरिसजवळच्या मार्न नदीत. आडवं पोहताना तो छान चालला. पण उभं राहिलं की हवा वाया जाऊ लागली आणि डोकं खाली केलं की श्वास ओढणं जड झालं. हवा बाहेर जाण्याची जागा आणि आत येण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे वेगवेगळ्या दाबाखाली येत होती. दोन्ही एका पातळीवर आणल्यावर तो दोष गेला. जो दोष खोल समुद्रात जिवावर बेतला असता, तो गोड्या पाण्याच्या नदीत सापडला.

गोड्या पाण्याचं तुमच्यासाठी मोठं काम तेच आहे. तिथे पाणी गढूळ असतं, म्हणून होकायंत्रावर पोहायला शिकता. तळाशी गाळ असतो, एक चुकीची फिन मारली की सगळं दिसेनासं होतं, म्हणून पाय जपून मारायला शिकता. काही मीटर खाली थंड पाण्याचा थर अचानक लागतो, बर्फाच्या चादरीत शिरल्यासारखा. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने ओढून घेतं, म्हणून अशा ठिकाणी जाड सूट हवा. पाणी १० अंशांच्या खाली असेल तर रेग्युलेटरही थंड पाण्यासाठीचाच हवा, नाहीतर तो आतून गोठून हवा भडाभडा सोडायला लागतो. अशा पाण्यात वीस डाइव्ह केलेला माणूस स्वच्छ, कोमट समुद्रात उतरतो तेव्हा त्याला मोकळ्या माळावर आल्यासारखं वाटतं.

पण अशा जागी अनोळखी पाण्यात स्वतःच्या मनाने उतरायचं नाही. ती जागा माहीत असलेला डायव्हर बरोबर हवा आणि उतरण्याची परवानगी हवी. धरणाच्या दरवाजांजवळ आणि पाणी ओढून घेणाऱ्या पाइपांजवळ कधीच नाही. दाबातल्या फरकामुळे तिथे माणूस असा चिकटतो की कोणाच्याही ताकदीने निघत नाही. खाणीचे बोगदे, गुहा, बुडालेल्या इमारती, जिथे डोक्यावर छत आहे तिथे वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय शिरायचं नाही. जुनी मासेमारीची जाळी आणि बुडालेली झाडं नेहमीच असतात, म्हणून हात पोचेल अशा ठिकाणी कापायचं साधन ठेवा. आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाण्याआधी सगळं सामान धुऊन पूर्ण वाळवा. झेब्रा शिंपल्यांसारखे उपरे जीव एका पाण्यातून दुसऱ्यात जाण्याचा तो एक रस्ता आहे.

गोड्या पाण्यात शिसं कमी लागतं. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. तुमचं आणि सगळ्या सामानाचं मिळून वजन १०० किलो असेल, तर समुद्रात तुम्हाला जवळजवळ अडीच किलो जास्त शिसं लागेल. हा आकडा तलावात ठरवलेल्या वजनात मिळवायचा. सूट बदलला किंवा सिलिंडर स्टीलऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा मिळाला, तर तो पुन्हा बदलतो. सिलिंडरमधली हवाही वजनदार असते: १२ लिटर, २०० बार म्हणजे जवळजवळ तीन किलो. डाइव्हच्या शेवटी त्यातली बहुतेक संपलेली असते आणि तुम्ही हलके झालेले असता. म्हणून वजनाची खरी परीक्षा शेवटी घ्यायची, ५० बार उरलेले असताना ५ मीटरवर, जॅकेट रिकामं करून.

तुम्ही उंचीवरच्या प्रदेशात राहत असाल तर दोन गोष्टी आणखी. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर डाइव्ह करताना वेगळे नियम लागतात, कारण वर आल्यावर हवेचा दाबच कमी असतो. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र, त्या उंचीसाठी लावलेला आहे ना ते बघा. दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही: विमान चोवीस तासांनी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण समुद्रावरून दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी गाडीने घाट चढून घरी जातात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या डाइव्हिंगनंतर किमान १८ तास थांबायचं, ही शिफारस साधारण ६०० मीटरच्या वर जाण्यासाठी आहे. ती उंची विमानाच्या केबिनमधली असो की घाटमाथ्यावरची, डाइव्हमध्ये रक्तात विरघळलेल्या आणि दाब कमी झाला की बुडबुडे धरणाऱ्या नायट्रोजनला फरक पडत नाही. मी स्वतः पूर्ण दिवस सोडते.

यावरूनच सहलीच्या आखणीबद्दल माझं मत बनलं आहे. सुट्टी सलग मिळत असेल तर तीन छोट्या सहलींपेक्षा एक मोठी करा. तीन दिवसांच्या सहलीत पहिला दिवस प्रवास आणि सावरण्यात जातो, शेवटचा दिवस पाण्याबाहेर थांबण्यात. हाती एक दिवस उरतो. आठ दिवस गेलात तर हेच दोन दिवस वजा जाऊन सहा दिवस मिळतात, म्हणजे दिवसाला दोन धरल्या तर बारा डाइव्ह. आणि त्या बारा डाइव्ह बारा जागी करू नका. एकाच ठिकाणी तीनदा उतरलात की तिसऱ्यांदा रस्ता आठवत असतो, मन मोकळं असतं, तेव्हाच आजूबाजूला लक्ष जातं. तुकड्यांनीच सुट्टी मिळत असेल तर नाइलाज आहे, मग निदान एखादी सहल जवळच्या सरोवराची करा.

निघण्याआधीच्या पंधरवड्यात तलावात दोन सत्रं करा आणि त्यातलं एक प्रशिक्षकाबरोबर, रीतसर रिफ्रेशर म्हणून. तिकडे जाऊन रिफ्रेशर करतो असं बरेच जण म्हणतात. ते चालतं, पण समुद्रावरचा एक सकाळचा वेळ त्यात जातो. जवळ तलावच नसेल तर मात्र हाच मार्ग धरा आणि पहिला दिवस त्यासाठीच ठेवा. अशा लोकांनी घरी नियमित पोहावं, पाठीचा आणि पायांचा व्यायाम करावा आणि कान हलकेच मोकळे करण्याचा रोज सराव करावा: नाक धरून आवंढा गिळायचा, जोर लावायचा नाही.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी अजून कोर्सच केला नाही, त्यांच्यासाठी: अभ्यास आणि तलावातला भाग घराजवळ करा, समुद्रातल्या चार डाइव्ह सुट्टीत. याला रेफरल म्हणतात. त्याची मुदत असते, बहुधा वर्षाची, आणि पुढचं केंद्र ते स्वीकारतं का ते आधी विचारून ठेवा. सगळा कोर्स सुट्टीत चार दिवसांत उरकण्यापेक्षा हे मला कितीतरी चांगलं वाटतं. शिकायला वेळ मिळतो.

सामानाचं. मास्क आजच घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमचा. नव्या काचेवर आतून कारखान्यातला थर असतो, तो साध्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर मास्कवर धुकं धरेल. मग डाइव्ह कॉम्प्युटर, कारण त्याची बटणं वर्षभर हाताखाली राहायला हवीत, बोटीवर पहिल्यांदा शिकायला नकोत. मग फिन्स आणि बूट, मग अंगाला नीट बसणारा सूट. रेग्युलेटर वर्षाला वीसेक डाइव्ह होत असतील तरच. तो वापरा न वापरा, बहुतेक उत्पादक वर्षाकाठी तपासणी सांगतात, आणि तपासणारा जवळ नसेल तर तो कपाटात पडून खराब होतो. जॅकेट भाड्याने घ्या. सिलिंडर अजिबात नको, त्याच्या दाबाच्या चाचण्या आणि वाहतूक यांतच तुमचा उत्साह संपेल.

लांब राहणाऱ्यांचं सामान वापराने कमी आणि पडून राहून जास्त बिघडतं. माझ्या एका विद्यार्थ्याचा मास्कचा पट्टा बोटीवरच तुटला, कारण तो अकरा महिने उन्हाच्या खिडकीत टांगलेला होता. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यात भिजवा, रेग्युलेटरचं झाकण लावूनच. सावलीत वाळवा. फिन्स घडी न पडता ठेवा. निघण्याच्या महिनाभर आधी कॉम्प्युटरची बॅटरी बघा.

शेवटी तुमच्या भीतीबद्दल. तलाव सगळं शिकवत नाही. लाटांवर हलणारी बोट, पाठीवर उलटं पडून पाण्यात जाणं, प्रवाह, शिडीला धरताना वरखाली होणारं पाणी, बोट लागणं, हे समुद्रावरच भेटणार. पण ज्याचे हात-पाय आणि श्वास स्वतःच्या ताब्यात आहेत, त्याच्याकडे या नव्या गोष्टींसाठी डोकं शिल्लक असतं. तुमच्या त्या पहिल्या दोन डाइव्हमध्ये डोक्यात जागाच उरली नसणार.

म्हणून सहलीची पहिली डाइव्ह अशी मागा: शांत जागा, १० मीटरच्या आत, सोबत गाईड, आणि उतरायला दोर. खंड किती पडला आहे ते त्यांना खरंखरं सांगा. वजन स्वतः तपासा. जॅकेट रिकामं, छातीत नेहमीइतका श्वास, पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं पाहिजे. भरलेल्या सिलिंडरने तपासत असाल तर हवेच्या वजनाचे दोन किलो त्यात मिळवा. मग दोर धरून ५ मीटरवर जा आणि थांबा. पूर्ण एक मिनिट. कान मोकळे झाले का, मास्कमध्ये पाणी येतंय का, श्वास लांब होतोय का, तलावातल्या रिंगवर असल्यासारखं हात सोडून राहता येतंय का. जमलं की गाईडला खूण करा आणि खाली जा. नाही जमलं तर आणखी एक मिनिट घ्या, किंवा वर या. तसं केल्याबद्दल चांगला गाईड कधी नाराज होत नाही.

आणि त्याच संध्याकाळी, आंघोळीच्या आधी, लॉगबुकात लिहा: शिसं किती, सूट किती जाडीचा, सिलिंडर स्टीलचा की अ‍ॅल्युमिनियमचा, पाणी खारं की गोडं, शेवटी ५ मीटरवर जड वाटलं की हलकं. माशांची नावं उद्या लिहिली तरी चालतील. पुढच्या वर्षी बोटीवर कोणी तुम्हाला विचारेल, ‘किती किलो देऊ?’, तेव्हा ही एक ओळ लागणार आहे.